चाराचे तीन

आमचं लग्न १९९६ च्या मे महिन्यात झालं. निकाहाच्या दिवशी मंडपात शाळेतले गुरुजी आले होते. त्यांतले एक हसत म्हणाले, "चला, दोनाचे चार हात झाले." लग्नाला मराठीत असं म्हणतातच. आम्हीही दुसऱ्यांच्या लग्नात कितीदा म्हटलं असेल. शब्दांचा हिशेब कुणी मांडत नाही. आमच्यावर मात्र तो मांडायची वेळ आली. २०१० च्या जानेवारीत चाराचे तीन झाले, आणि तेव्हापासून आमचं घर तीन हातांवर चाललं आहे.

लिहिणारे आम्ही दोघं आहोत. गाव आम्हाला मास्तर आणि मास्तरीणबाई म्हणून ओळखतं. मास्तर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवतात. मास्तरीणबाईंनी शाळेत कधी पाऊल टाकलं नाही, पण मास्तरांच्या बायकोला गाव दुसरं काय म्हणणार? इथंही सोयीसाठी हीच नावं वापरतो. बाकी सगळं 'आम्ही'. कारण या गोष्टीत कुणाचं काय आणि किती, हे आता आम्हालाच वेगळं काढता येत नाही.

तो उसाच्या गाळपाचा हंगाम होता. पंढरपूर–सांगोला रस्त्यावर उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात उभी होती. मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, की दगडाआड पेटवलेलं टायर नाही. मास्तर मोटारसायकलवरून घरी येत होते. डोकं वाचलं. पाय वाचले. उजवा खांदा खाली दाबला गेला आणि मान दुसरीकडे झटकली गेली, एवढंच झालं. 'एवढंच' हा शब्द त्या रात्री आम्ही सगळ्यांच्या तोंडून ऐकला.

मानेतून मज्जातंतूंची पाच मुळं निघतात. गळ्याच्या हाडामागं त्यांचं जाळं होतं आणि त्या जाळ्यातून साऱ्या हाताला हुकूम जातो. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मोटारसायकलवरून पडणाऱ्यांचं हे जाळं असं ताणून तुटतं. हे आम्हाला नंतर कळलं. पहिल्या दवाखान्यात मोडलेलं हाड तेवढं पाहिलं गेलं. झोळी बांधून दिली आणि सांगितलं, सूज उतरली की हात येईल. आम्ही वाट पाहत बसलो. सूज उतरली, हाड जुळलं, हात आला नाही. तोवर पाच महिने गेले होते. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तारखा विचारल्या आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. अशी शस्त्रक्रिया साधारण सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. उशीर झाला की नस जोडली तरी स्नायू वाळून गेलेला असतो. आमची सातव्या महिन्यात झाली.

त्यांनी बरगड्यांमधल्या श्वासाच्या नसा काढून दंडाच्या बेडकीला जोडल्या. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. आमच्या मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन आम्ही बगलेपासून दंडापर्यंत मोजायचो. वर्ष उलटून गेलं. एका सकाळी मास्तरांना ठसका लागला आणि उजवा हात कोपरात इंचभर वाकला. आम्ही दोघंही दचकलो. नस श्वासाची होती ना! तिला अजून हाताची ओळख पटली नव्हती. मग मास्तर मुद्दाम दीर्घ श्वास घेऊन हात वाकवायला शिकले. हळूहळू श्वासाविनाही जमू लागलं. अजूनही जोराची शिंक आली की हात वर येतो, जणू सलाम करतोय. कोपर तेवढं मिळालं. मनगट आणि बोटं नाही मिळाली. आता त्या हाताचा उपयोग पिशवी अडकवायच्या खुंटीएवढा.

आणि ज्या हाताला काही कळत नाही तोच हात दुखतो, हे कुणाला पटत नाही. स्पर्श कळत नाही, गरम-गार कळत नाही, पण रात्री आतून आग पेटल्यासारखा जळतो. एकदा हिवाळ्यात शेकोटीशी बसलो असताना करपल्याचा वास आला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "दूध उतू गेलं वाटतं." दूध नव्हतं. बोटं होती.

आता जेवणाचं सांगतो, कारण खरा अवघड भाग तोच.

आमच्या घरी दखनी बोलतात. दखनीत उजव्या हाताला सीधा हात म्हणतात आणि डाव्याला उल्टा. मराठीही काही मायाळू नाही. उजवणं म्हणजे कार्य पार पाडणं आणि डावलणं म्हणजे बाजूला सारणं. डावा हात शौचाचा, हे लहानपणी सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. आपल्याकडे तर सीध्या हातानं जेवणं ही सुन्नत. मग ज्याच्याकडे उल्टाच हात उरला त्यानं काय करायचं? रुग्णालयात पहिल्यांदा मास्तरांनी डाव्या हातात चमचा धरला तेव्हा अम्मी म्हणाल्या, "उल्टे हात से मत खा बेटा." आणि त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं. त्या दिवसापासून अम्मी त्यांना स्वतःच्या उजव्या हातानं भरवायच्या. चाळिशीला टेकलेला मुलगा आणि सत्तरीची आई. भात कालवताना अम्मींचा हात थरथरायचा. मास्तर तोंड उघडायचे, नजर भिंतीकडे. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत असायच्या आणि थापताना हात जरा जास्तच जोरात पडायचा. कुणी कुणाला काही बोललं नाही. आठ महिने असंच चाललं.

२०११ मध्ये सोलापूरला नात्यातला एक वलिमा होता. अम्मी पुढं बायकांत बसल्या होत्या, मास्तर पुरुषांच्या दस्तरखानावर. बिर्याणी आली. भूक लागली होती. मास्तरांनी डाव्या हातानं घास घेतला. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, अनोळखी. त्यांनी प्रेमानंच मास्तरांचं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सीधे हात से, मियाँ." उजवा हात पूर्ण बाहीत होता. त्यांना काय माहीत? पण आमच्या बाजूनं पाहा. चालता हात एकच, आणि तोही कुणीतरी धरलेला. बाही वर करून दाखवायला दुसरा हात कुठून आणायचा? मास्तर तोंडानं सांगू शकले असते. शब्द आला नाही. घास ताटात ठेवून ते उठले आणि हात धुवायला गेले. तेही नीट जमलं नाही.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आम्ही कुणाच्या दावतीला गेलो नाही. मास्तर जात नाहीत म्हणून मास्तरीणबाईही जात नव्हत्या. लोकांना वाटलं, मास्तरांचं कुटुंब शिष्ट झालं. ईदचा शिरखुर्मा आम्ही इतरांच्या घरी पाठवायचो आणि दार लावून घ्यायचो.

ही कोंडी फोडली अम्मींनीच. कुणालाही न सांगता त्या मशिदीच्या इमामसाहेबांच्या घरी जाऊन आल्या. काय विचारलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. इमामसाहेबांनी पुढं मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले होते, "अम्मीजान, मजबूर माणसाला सवलत आहे. ज्याच्याकडे एकच हात, त्याचा तोच सीधा." त्या वर्षी बकरी ईदला अम्मींनी अंगणात दस्तरखान टाकायला लावलं. भावकी बोलावली. सगळे बसल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हमारा बच्चा उल्टे हात से खाता है. जिसको देखना है अभी देख लेव. फिर कोई नको देखो." लोक हसले. मास्तरही हसले, आणि जेवले. अम्मींनी त्या दिवसापासून भरवणं सोडलं. आम्हाला वाटतं, ते सोडणं त्यांना भरवण्यापेक्षा जड गेलं असेल.

मुंबईला फिजिओथेरपीच्या एक बाई होत्या. डाव्या हातानं लिहायचा सराव करा म्हणून त्यांनी वही दिली. मास्तर लिहायला लागले की कागद सरकायचा. अक्षर एकीकडे, ओळ दुसरीकडे. मास्तर वैतागले. बाईंनी विचारलं, "तुम्ही उजव्या हातानं लिहायचात तेव्हा डावा काय करत होता?"

"काही नाही. नुसता पडलेला असायचा."

"नाही," बाई म्हणाल्या, "कागद धरत होता."

आम्ही घरी येताना गाडीत याचाच विचार करत होतो. खरंच की. दोन हातांपैकी करणारा एकच असतो, दुसरा धरतो. कांदा चिरताना सुरी एकाकडे, कांदा दुसऱ्याकडे. बाटली एकात, झाकण दुसऱ्यात. काडी एकात, पेटी दुसऱ्यात. आमचा करणारा हात गेला, म्हणून धरणाऱ्याला करायला लावलं. आता धरणारं कुणी नव्हतं. मग आम्ही धरणाऱ्यांच्या शोधाला लागलो. ताटाखाली ओला फडका घातला की ताट हलत नाही. बाटली मांड्यांत धरायची. काडेपेटी पायाच्या अंगठ्याखाली. टूथपेस्टचं झाकण दातांनी, आणि ब्रश मोरीच्या कट्ट्यावर आडवा. कपडा पिळायचा तर तो नळाला गुंडाळायचा आणि पीळ द्यायचा. भिंत, दाराची फट, हनुवटी, गुडघा, सगळे कामाला लागले. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना तोच शेवटी. इजारीच्या नाडीची गाठ मात्र एका हाताला सुटते, बसत नाही. गावच्या शिंप्यानं सगळ्या इजारींत इलॅस्टिक घातलं आणि पैसे घेतले नाहीत. आम्ही रागावलो तेव्हा घेतले.

विळीचं आम्हाला विशेष वाटतं. सुरीला दोन हात लागतात, विळीला पाय पुरतो. पातं पायाखाली दाबलेलं, स्थिर. भाजी आपण पात्याकडे न्यायची. तीही नीट न्यायला सवय लागते, सुरुवातीला बोटं कापली. पण मास्तर आता वांगी, बटाटे, गवार, सगळं विळीवर चिरतात. पहिल्यांदा शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि मास्तर विळीवर बसलेले पाहून दारातूनच परत फिरल्या. साखर न नेताच. कांदा तर चिरायचाही नाही, बुक्की मारायची. त्याला कधीच दोन हात लागत नव्हते. आणि आमचा तालुका डाळिंबांचा. डाळिंब सोलायला दोन हात हवेत हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही विळीवर त्याचे दोन भाग करतो, एक भाग चाळणीवर पालथा ठेवतो आणि वरून पळीनं ठोकतो. दाणे पडतात. थोडे भिंतीवरही जातात.

पण वस्तूंनी धरणं वेगळं आणि माणसानं धरणं वेगळं. घरात धरणारा हात मास्तरीणबाईंचा. आणि त्यांचा हात धरून थांबत नव्हता, करून मोकळा होत होता. मास्तर एका गुंडीशी झगडतायत तोवर उरलेल्या चार लागलेल्या असायच्या. संत्रं सोलून पुढ्यात. केस विंचरून तयार. एका रात्री मास्तरांनी पाण्याचा तांब्या फेकला. तांब्या नळावर आपटला, घरभर आवाज झाला, मुलगी उठून बसली. भांडण कशावरून झालं? मोज्यावरून. मोजा अर्धा चढला होता आणि मास्तरीणबाईंनी तो ओढून पुरा केला होता.

त्या भांडणात मास्तरीणबाई जे बोलल्या ते आम्ही इथं कमी करून लिहीत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला हात एक आहे म्हणून तुम्ही दमलात तर चालतं. मला दोन आहेत म्हणून मी दमायचं नाही का? सकाळी सातला भाकरी, डबा, अम्मींची औषधं, पोरीची वेणी. तुमच्या मोज्याला दहा मिनिटं बघत उभी राहू?" मास्तरांकडे उत्तर नव्हतं. रात्री बऱ्याच उशिरा ते एवढंच म्हणाले, "धर. करू नको."

तेव्हापासून तो आमच्यातला करार आहे. धरण्यापेक्षा करणं सोपं असतं, हे मास्तरीणबाई आजही सांगतात. एका मिनिटाच्या कामाला सहा मिनिटं निमूट धरून राहायचं, डोळे दुसरीकडे ठेवायचे. करार पुष्कळदा मोडतो. घाई असली की मोडतो. आजारपणात मोडतो. एकदा मास्तरीणबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये. म्हणजे घरात चालते हात दोन, आणि दोन्ही डावे! धुणं पिळायला एका टोकाला एक डावा, दुसऱ्या टोकाला दुसरा. पीळ एकाच दिशेनं द्यायचो आणि कपडा नुसता गरगर फिरायचा. त्या तीन आठवड्यांत आम्ही जितकं हसलो तितकं आधीच्या तीन वर्षांत हसलो नव्हतो. तेव्हा मास्तरांच्या हेही लक्षात आलं की लुळ्या हाताशी ते रोज जितके हुज्जत घालतात तितकी बाईंनी प्लॅस्टरशी घातली नाही. प्लॅस्टर निघणार होतं, हा फरक.

आणि एका हाताचं एक गुपित आहे, दोन हातवाल्यांना ते सुचणारही नाही. एकटा हात स्वतःची सेवा करू शकत नाही. लुळ्या हाताची नखं मास्तर कापू शकतात. चालत्या हाताची कोण कापणार? डाव्या मनगटावर घड्याळ कोण बांधणार, डाव्या बाहीची गुंडी कोण लावणार, डावं कोपर कोण चोळणार? वजू करताना सगळं अंग धुता येतं, धुणाराच तेवढा धुता येत नाही. नळाखाली फिरवत राहायचं, भिंतीला घासायचं. गावच्या सुतारानं एका फळीवर नखं कापायचं यंत्र ठोकून दिलं आहे. बोट आत घालून तळव्याच्या कडेनं दाबायचं. अंगठ्याला तेही जमत नाही. तो मास्तरीणबाईंकडे येतो.

बाहेरच्या जगाचं थोडक्यात सांगतो. अपघातानंतर एका कार्यालयातून सल्ला आला, स्वेच्छानिवृत्ती घ्या, उजव्या हाताविना शिकवणार कसे? शिक्षक संघटनेतल्या एका मित्रानं १९९५ च्या अपंग कायद्याची प्रत आणून ४७ वं कलम दाखवलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. २०१६ चा नवा कायदा २०१७ पासून लागू झाला. जुन्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. तेच संरक्षण नव्यात विसाव्या कलमात आहे. पुष्कळांना ते माहीत नसतं म्हणून इथं लिहून ठेवलं. मास्तर शाळेत राहिले. फळ्यावर लिहायला तर एक हात पुरतो, फळा स्वतःच उभा असतो. चौथीतल्या एकानं विचारलं होतं, "गुरुजी, तुमचा हात झोपलाय का?" मास्तर म्हणाले, "हो, हळू बोला." वर्ग दिवसभर कुजबुजत बोलला.

एस.टी.त अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. प्रमाणपत्र दाखवलं तरी एखादा कंडक्टर बाहीतून लोंबणाऱ्या बोटांकडे पाहून म्हणतोच, "हात तर दिसतोय की." हात तुटला असता तर लोकांनी लगेच मानला असता. असून नसलेल्या हाताचा पुरावा द्यावा लागतो. आणि उभ्यानं प्रवास असला तर एकच पेच, दांडी धरायची की पैसे काढायचे? बोहनीच्या वेळी डाव्या हातानं नोट दिली की एखादा दुकानदार चेहरा पाडतो. आता फोनवरून पैसे देता येतात. तिथं डावं-उजवं नसतं. लोक करगणीच्या सचिन खिलारीचं उदाहरण देतात. आटपाडी तालुक्यातला हा मुलगा लहानपणी सायकलवरून पडला, एक हात अधू झाला, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत त्यानं रौप्यपदक आणलं. करगणी म्हणजे आमच्या शेजारचाच मुलूख. अभिमान वाटतो. पण त्याची गाठ पडली तर गोळ्याबद्दल आम्ही विचारणार नाही. नखं कशी कापतो ते विचारू.

डाव्या हाताचीही थोडी मजा आहे. मराठी डावीकडून उजवीकडे लिहायची. मास्तरांचा हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढं जातो, शाई पुसते, तळवा निळा होतो. लहानपणी मक्तबमध्ये शिकलेली उर्दू एकदा सहज लिहून पाहिली. उजवीकडून डावीकडे. हात अक्षरांच्या पुढं पुढं चालला, कागद स्वच्छ. तेव्हापासून मास्तर घरचा हिशेब उर्दूत ठेवतात. आणि जमिनीच्या एका कागदावर अंगठे द्यायला गेलो तेव्हाची गोष्ट. पुरुषाचा डावा अंगठा आणि बाईचा उजवा घ्यायची जुनी पद्धत आहे. लेखनिक म्हणाला, "मास्तर, डावा. बाई, उजवा." आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. त्याला कळेना काय झालं.

अम्मी २०१७ च्या डिसेंबरात गेल्या. जनाजा उचलताना मास्तरांनी डावा खांदा दिला. तिथवर ठीक होतं. कबरीत उतरून मय्यत झेलायला दोन हात लागतात. भाईजान उतरले, दोन पुतणे उतरले. मास्तर काठावर उभे राहिले. कुणीतरी त्यांना मागं सरकायला सांगितलं, पाय घसरेल म्हणून. मग मिट्टी द्यायची वेळ आली. लोक ओंजळ भरून तीनदा माती देतात. ओंजळीला दोन हात लागतात, एका हाताची होते ती मूठ. मास्तरांनी तीन मुठी दिल्या आणि थांबले. मग आणखी तीन दिल्या. कुणी मोजत नव्हतं.

घरी आले तेव्हा डाव्या हाताच्या नखांत माती होती. मास्तरीणबाईंनी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक बोट धुतलं. त्या वेळी धर आणि करू नको हा करार आम्हा दोघांनाही आठवला नाही.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावातला एक तरुण बायकोला घेऊन आमच्याकडे आला. तसाच अपघात, तसाच उजवा हात. आम्ही आधी तारीख विचारली. दहा आठवडे झाले होते. पाणीसुद्धा न विचारता आम्ही त्यांना मुंबईचं सगळं सांगितलं, कोणत्या विभागात जायचं, कोणत्या तपासण्यांचे कागद न्यायचे, कुणी 'थांबा, येईल' म्हटलं तर थांबायचं नाही. मास्तरांनी ते कागदावर लिहून दिलं. कागदाची कड मास्तरीणबाईंनी धरली होती. पोरगा त्या धरलेल्या कडेकडे पाहत होता.

मग मास्तरांनी त्याला मोरीत नेऊन नळाला टॉवेल गुंडाळून दाखवला. त्याची बायको मास्तरीणबाईंच्या मागं स्वयंपाकघरात आली. वीस-बावीस वर्षांची पोर. तिनं बराच वेळ चहाचं आधण पाहिलं आणि हळूच विचारलं, "खाला, राग किती दिवस येतो?"

कुणाचा राग, ते तिनं सांगितलं नाही. त्याचा की तिचा.

"येतो अजून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चहा कपातच दे त्याला. बशीला दोन हात लागतात."